पांढऱ्या शाईतला एक शब्द

एका जुन्या फोटोत एक तरुण बाई आहे. तिच्या हातात दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं तान्हं बाळ आहे आणि पुढ्यात काटेरी तार. फोटोखाली हाताने लिहिलेला एकच जर्मन शब्द: ‘त्सिगॉयनर’, म्हणजे जिप्सी. बाईचं नाव लिहिलेलं नाही, बाळाचं नाही, गावाचंही नाही.

डब्ल्यू. जी. झेबाल्ड या जर्मन लेखकाच्या ‘श्विंडेल. गेफ्यूले.’ या पुस्तकात हा फोटो छापलेला आहे. मूळ पुस्तक १९९० साली आलं आणि मायकल हल्स यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९९९ साली ‘व्हर्टिगो’ या नावाने. पुस्तकातला निवेदक सांगतो की फोटो त्याच्या वडिलांच्या अल्बममधला आहे. वडील जर्मन सैन्यात होते. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी काही आठवडे त्यांची वाहनदुरुस्तीची तुकडी स्लोव्हाकियाच्या एका दूरच्या कोपऱ्यात मुक्कामाला होती, आणि फोटो तिथला आहे.

अख्ख्या पुस्तकात या अल्बमला जेमतेम एक-दोन पानं मिळतात. बापाच्या लष्करी भूतकाळावर लिहिलेल्या जाडजूड पुस्तकांना जे जमत नाही ते या पानांना जमलं आहे, असं मला वाटतं. पण ही पानं जिथे थांबतात तिथे त्यांनी थांबायला नको होतं, अशी माझी तक्रारही आहे. या लेखात दोन्ही गोष्टी मांडायच्या आहेत.

मथळे नसलेल्या पुस्तकातला मथळा

झेबाल्ड ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८ मे १९४४चा, बव्हेरियात आल्प्सच्या कुशीतल्या व्हेर्टाख या गावचा. वडील गेओर्ग तेव्हा सैन्यात होते, नंतर फ्रान्समध्ये युद्धकैदी झाले आणि १९४७ साली घरी परतले. तोवर मुलाच्या आयुष्यातला मोठा पुरुष म्हणजे आईचे वडील. झेबाल्ड पुढे इंग्लंडला गेला, नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात शिकवू लागला, लिहीत मात्र जर्मनमध्येच राहिला. डिसेंबर २००१मध्ये मोटार अपघातात तो गेला.

त्याच्या पुस्तकांना कादंबरी म्हणावं, प्रवासवर्णन म्हणावं की आत्मचरित्र, हे ठरवणं अवघड आहे. निवेदकाचं आयुष्य झेबाल्डच्या आयुष्याशी जुळतं, पण निवेदक म्हणजे झेबाल्ड असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मजकुराच्या मध्येच कृष्णधवल फोटो येतात: इमारती, तिकिटं, पावत्या, चेहरे. त्यांच्याखाली मथळा नसतो. फोटो कुणाचा, कुठला, हे वाचकाने आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडायचं.

अशा पुस्तकात तारेमागच्या बाईचा फोटो उठून दिसतो, कारण तो स्वतःचा मथळा घेऊन येतो. अल्बममधल्या चित्रांखाली पांढऱ्या शाईने नीटनेटकं लिहिलेलं आहे, असं निवेदक सांगतो. काळ्या कागदावर पांढरी शाई ही त्या काळातल्या अल्बमची नेहमीची पद्धत. झेबाल्डने तो शब्द कापला नाही. ‘जिप्सी’ हे निवेदकाने दिलेलं वर्णन नाही, अल्बम भरणाऱ्याने केलेली ती नोंद आहे. मुलगा फक्त ती आपल्यासमोर धरतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला ती पांढरी शाई मेटाडेटासारखी दिसते. आज आपण फोनवर फोटो काढतो तेव्हा तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर ठिकाणसुद्धा आपोआप नोंदलं जातं. १९३९च्या अल्बममध्ये यातलं काहीच आपोआप होत नव्हतं. काय लिहायचं आणि काय सोडायचं हे माणूस ठरवायचा. एक रकाना भरला गेला, ‘जमात’. ‘नाव’ हा रकाना त्याला सुचलाच नाही. त्या अल्बममधला लिहिणाऱ्याविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा मला यातच दिसतो. तारेमागे नक्की काय चाललं होतं हे एका फोटोवरून सिद्ध होत नाही. तिच्याकडे कुठल्या नजरेने पाहिलं गेलं, हे मात्र त्या एका शब्दावरून कळतं.

दोन आया

हा अल्बम पुस्तकात येतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. निवेदक बऱ्याच वर्षांनी लहानपणीच्या गावी परतला आहे. आख नदीच्या पुलाजवळ आल्यावर त्याला आठवतं की युद्धानंतरच्या उन्हाळ्यांत इथे जिप्सींचा तळ पडायचा. पोहायला जाताना आई त्याला घेऊन तिथून जायची, आणि तळ आला की दर वेळी त्याला उचलून घ्यायची. ही माणसं आली कुठून, युद्धातून वाचली कशी, याच उदास जागी का राहिली, हे प्रश्न तेव्हा त्याला पडले नाहीत. ते आत्ता पडतात, वडिलांचा अल्बम चाळताना.

आईने उचललेलं एक मूल तारेच्या अलीकडे आणि आईच्या हातातलं दुसरं मूल पलीकडे. झेबाल्ड ही तुलना बोलून दाखवत नाही, फक्त दोन्ही चित्रं लागोपाठ ठेवतो. पोराला उचलून घेणारी आई वाईट नाही, ती घाबरलेली आहे. पण ती भीती आणि अल्बममधला तो शब्द एकाच घरातले आहेत. तो अल्बम वडिलांनी याच आईला १९३९च्या नाताळात, युद्धातल्या पहिल्या नाताळात, भेट म्हणून दिला होता. बायकोला द्यायच्या भेटीत हा फोटो शोभेल असं देणाऱ्याला वाटलं, हा तपशील मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. लपवण्यासारखं काही आहे असं त्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं.

‘युद्धाआधी’ म्हणजे नक्की कधी?

जर्मन घरांत ‘बाबा युद्धात होते’ हे वाक्य जड असतं आणि ‘बाबा युद्धाआधीपासून सैन्यात होते’ हे हलकं. पहिल्यात मृत्यू आहे. दुसऱ्यात कवायत, बराकी, मित्रांबरोबरचे फोटो आणि नवा गणवेश. झेबाल्डचं पान हा हलकेपणा काढून घेतं, आणि त्यासाठी त्याला ‘युद्ध सुरू होण्याआधी काही आठवडे’ एवढी एक नोंद पुरते.

ती नोंद नीट कळायला गेओर्ग झेबाल्डची नोकरी समजून घ्यावी लागते. ते सैन्यात भरती झाले १९२९ साली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला फक्त १ लाख माणसांचं सैन्य ठेवायची मुभा होती, आणि साध्या सैनिकाला १२ वर्षांची बोली करावी लागे. सक्तीची भरती नव्हती. जाणारा स्वतःहून जायचा आणि त्याला निवडलं जायचं. सामान्य घरातल्या तरुणासाठी ती पगाराची, पोशाखाची, कायमची नोकरी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जर्मनीत बेकारी वाढत गेली, हे लक्षात घेतलं तर त्या नोकरीचं मोल कळतं.

पण १९२९ साली ज्या सैन्यात माणूस गेला ते सैन्य तसंच राहिलं नाही. १९३३ साली हिटलर चॅन्सेलर झाला. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि सैनिकांना हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला लावली गेली. मार्च १९३५मध्ये सक्तीची भरती परत आली. नोकरी तीच, बराक तीच, मालक बदलला. दर वर्षी थोडं थोडं बदलत गेलं की राजीनाम्याचा दिवस नेमका कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता स्लोव्हाकिया. १४ मार्च १९३९ रोजी जर्मनीच्या दबावाखाली स्लोव्हाकियाने वेगळं राष्ट्र असल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, आणि लवकरच जर्मनीने स्लोव्हाकियाशी ‘संरक्षणा’चा करार केला. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला तेव्हा जर्मन सैन्य दक्षिणेकडून, स्लोव्हाकियातूनही आत घुसलं. त्याआधी काही आठवडे एक वाहनदुरुस्ती तुकडी तिथे काय करत होती, याचं उत्तर कॅलेंडरच देतं. ट्रक तयार ठेवले जात होते.

आणि तार? तारेलाही युद्धाची वाट पाहावी लागली नव्हती. जुलै १९३६मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, बर्लिनच्या पोलिसांनी सुमारे ६०० रोमा आणि सिंती माणसांना उचलून मार्त्सान इथल्या छावणीत नेऊन टाकलं होतं. डिसेंबर १९३८मध्ये हिमलरने ‘जिप्सी उपद्रवा’विरुद्धचा हुकूम काढला, त्यात हा प्रश्न ‘वंशा’चा ठरवला गेला. पुढे युरोपभर मारल्या गेलेल्या रोमांच्या संख्येचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. १९३९च्या उन्हाळ्यात यातलं बरंचसं घडायचं होतं. पण फोटोतल्या बाईचं ‘युद्धाआधी’ संपलेलं होतं. त्याच फोटोच्या अलीकडे उभ्या असलेल्या सैनिकाचं अजून चालू होतं.

फोटो साक्षीदार म्हणून कसा?

बापाचा अल्बम पुरावा म्हणून वापरताना काय होऊ शकतं, याचा मोठा धडा जर्मनीला झेबाल्डच्या पुस्तकानंतर पाच वर्षांनी मिळाला. हॅम्बुर्गच्या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेने मार्च १९९५मध्ये जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर फिरतं प्रदर्शन सुरू केलं. त्यातले कितीतरी फोटो साध्या सैनिकांनीच काढलेले होते. गुन्हे फक्त हिटलरच्या खास दलांनी केले, आपलं सैन्य स्वच्छ होतं, या समजाला त्याने धक्का दिला. लाखो लोकांनी ते पाहिलं. काही जण आपल्या बापाचा चेहरा शोधायला गेले, काही जण निषेध करायला.

१९९९ साली इतिहासकारांनी दाखवून दिलं की काही फोटोंचे मथळे चुकीचे आहेत. काही ठिकाणी दिसणारे मृतदेह जर्मनांचे नव्हे, सोव्हिएत गुप्त पोलिसांचे बळी होते. प्रदर्शन थांबवलं गेलं आणि तज्ज्ञांची समिती नेमली गेली. समितीने २०००मध्ये सांगितलं की १,४३३ फोटोंपैकी विसाहून कमी फोटो तिथे असायला नको होते. मूळ म्हणणं खरंच होतं. पण ज्यांना विश्वास ठेवायचाच नव्हता त्यांना ते वीस पुरले. २००१मध्ये प्रदर्शन नव्याने उघडलं तेव्हा फोटो कमी आणि कागदपत्रं जास्त होती.

झेबाल्डला हा धोका आधीच माहीत होता. ‘व्हर्टिगो’चा पहिलाच भाग एका सैनिकाबद्दल आहे. १८०० साली नेपोलियनच्या फौजेबरोबर आल्प्स ओलांडणारा सतरा वर्षांचा आंरी बेल, म्हणजे पुढचा कादंबरीकार स्तांदाल. म्हातारपणाकडे झुकताना त्याच्या लक्षात येतं की इव्रेया या शहराची जी आठवण तो इतकी वर्षं जपत आला, ती प्रत्यक्षात एका छापील चित्राची आहे. चित्राने आठवण खाऊन टाकली. म्हणून प्रवासात सुंदर दृश्यांची चित्रं विकत घेऊ नयेत, असा त्याचा सल्ला. पुस्तकाच्या शेवटच्या भागात दुसरा सैनिक येतो, तो निवेदकाचा बाप. त्याची आठवण काय होती हे आपल्याला ऐकायलाच मिळत नाही, उरतं ते चित्र. पहिला भाग वाचून शेवटच्या भागाकडे आलेला वाचक अल्बमवर डोळे झाकून विश्वास ठेवू शकत नाही, आणि अल्बम बाजूलाही सारू शकत नाही.

दोन वर्षांनी आलेल्या ‘दी आउसगेवांडर्टन’मध्ये, म्हणजे ‘द एमिग्रंट्स’मध्ये, तर झेबाल्डने एक बनावट फोटोच छापला. १९३३ साली व्युर्त्सबुर्गमध्ये नाझींनी पुस्तकं जाळली तो प्रसंग. अंधारात नीट फोटो मिळाला नाही म्हणून वर्तमानपत्राने दुसऱ्याच गर्दीच्या फोटोवर धूर चढवला, असं त्या गोष्टीतलं एक पात्र सांगतं. प्रसंग खरा, फोटो खोटा.

माझी तक्रार

इतकं सगळं माहीत असलेला लेखक स्वतःच्या घरच्या फोटोपाशी मात्र एका वाक्यात थांबतो. ‘आउस्टर्लित्स’ ही त्याची २००१ची कादंबरी याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यात ज्याक आउस्टर्लित्स आपल्या आईला शोधतो. तेरेझिनच्या छावणीत नाझींनी बनवलेल्या प्रचारपटाचा एक तुकडा त्याला मिळतो. त्यात आई दिसेल या आशेने तो फिल्मची गती कमी करून घेतो, मिनिटांचा तुकडा तासाभराचा करतो, आणि एका बाईपाशी थांबतो. ती आई नाही असं लहानपणी त्याला सांभाळणारी वेरा सांगते. मग तो प्रागच्या जुन्या कागदपत्रांत शोधत राहतो आणि नाटकवाल्यांच्या संग्रहातल्या एका फोटोत आई सापडते, ती वेरा ओळखते.

बळीचा मुलगा एकेक चौकट तपासतो. सैनिकाचा मुलगा पान उलटतो. त्या अल्बमच्या फोटोला स्लो मोशन नाही. तुकडीचा क्रमांक विचारला जात नाही. फोटो वडिलांनीच काढला का, की सोबत्याकडून प्रत घेतली, हेही नाही. सैनिक एकमेकांत प्रती वाटत असत, त्यामुळे हा प्रश्न क्षुल्लक नाही. पुस्तक आलं तेव्हा वडील हयात होते.

यावर एक उत्तर तयार असतं: मौन हाच विषय आहे. मृत्यूच्या थोडं आधी दिलेल्या एका मुलाखतीत झेबाल्ड या फोटोंबद्दल बोलला होता. सुरुवातीच्या चित्रांत सहलीचा मूड, पुढे जळालेली पोलिश गावं, ज्यांची फक्त धुराडी उभी आहेत. आणि लहानपणी त्याला ही चित्रं अगदी साधी वाटायची. घरात कुणी बोललं नाही, शाळेत छावणीवरची फिल्म दाखवली तरी नंतर चर्चा झाली नाही. हे मला पटतं. त्या पानातलं मौन प्रामाणिक आहे, आणि बापाला फासावर चढवून स्वतः स्वच्छ व्हायचा सोपा मार्ग झेबाल्डने घेतला नाही, हा त्याचा मोठेपणा आहे.

पण त्या मौनाची किंमत बाप देत नाही. ती बाई देते. आधी अल्बमने तिला जमातीचं नाव दिलं, मग पुस्तकाने ते तसंच छापलं, आणि आता समीक्षक तिला ‘झेबाल्डच्या वडिलांचा फोटो’ म्हणतात. मीसुद्धा या लेखात बापाविषयी तिच्यापेक्षा किती तरी जास्त लिहिलं आहे, कारण बापाच्या नोकरीच्या तारखा मिळतात. सैन्य नोंदी ठेवतं. तारेमागच्या माणसांची नोंद सैनिकाच्या अल्बममध्ये एका शब्दाची असते.

तिच्याबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला जर्मन वाचकापेक्षा पटकन उमगेल. रोमानी ही भारतीय आर्य कुळातली भाषा आहे. स्लोव्हाकियातल्या रोमांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’च म्हणतात, कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’. ती बाई बाळाशी बहुधा याच भाषेत बोलत असणार. कुठल्याही फोटोत हे दिसलं नसतं, आणि ‘त्सिगॉयनर’ लिहिणाऱ्याला ते ऐकूही आलं नसावं.

अल्बम उघडताना

आजोबा-पणजोबांचे गणवेशातले फोटो हल्ली फॅमिली ग्रुपवर येतात. कुणीतरी ॲपमध्ये टाकून त्यांना रंग चढवतं, चेहरा स्वच्छ करतं, डोळे मिचकावायला लावतं. गंमत म्हणून ठीक आहे. पण ॲप सगळ्यात आधी कडा कापतं आणि डाग पुसतं. शोधायच्या गोष्टी नेमक्या तिथे असतात: फोटोच्या पाठीवरचं अक्षर, स्टुडिओचा शिक्का, खांद्यावरची पट्टी, मागे अर्धवट दिसणारी पाटी, अल्बममधला आधीचा आणि नंतरचा फोटो. झेबाल्डच्या अल्बममधून फक्त त्या बाईचा चेहरा कापून काढला असता, तर हातात राहिली असती एक हसरी तरुणी. तार आणि तो शब्द, दोन्ही कडेलाच होते.

आणि फोटोतल्या माणसाला ओळखणारं कुणी घरात जिवंत असेल, तर त्याला विचारायचे प्रश्नही या पुस्तकाने सुचवले आहेत. तुम्ही कुठे होता, हे सगळेच विचारतात. त्यापुढे जाऊन विचारावं: हा फोटो काढला कुणी? कुणाला पाठवायला? आणि मागे उभी असलेली, जिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ती कोण?

‘व्हर्टिगो’ वाचायला घेतलंत तर शेवटच्या भागापर्यंत थांबा, आणि तो फोटो आला की घाई करू नका. आउस्टर्लित्सने आईसाठी फिल्म जितकी हळू केली होती, तितकं हळू या बाईकडे पाहा.